वावडीपाड्याचं वर्तुळ

पडद्यावर नकाशा उघडला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत बसून मीही टाळीसाठी हात उचलले होते. ते तसेच मांडीवर परत आले.

सातपुड्याच्या त्या पट्ट्यातल्या प्रत्येक पाड्यावर एक लहानसं वर्तुळ होतं आणि प्रत्येक वर्तुळाच्या हिरव्या, पिवळ्या, लाल फोडी केलेल्या होत्या. हिरवी म्हणजे निरोगी माणसं, पिवळी म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक, ज्यांना स्वतःला त्रास नसतो, लाल म्हणजे रुग्ण. जिथे जास्त माणसं तपासली तिथलं वर्तुळ मोठं, कमी तिथलं लहान. डोंगरावर कुणीतरी रंगीत टिकल्या लावून ठेवाव्यात तसं ते दिसत होतं. चार महिने खपून मीच ते केलं होतं. पण आज दाखवायचा होता तो नकाशा हा नव्हता.

केळुसकर सर माइकवर म्हणाले, "आता गंमत बघा. मी फक्त स्त्रिया निवडतो. वय पंधरा ते पंचवीस."

वर्तुळं आक्रसली, हलली, नव्याने बसली.

"आणि हा बघा, अगदी टोकाचा पाडा. गाडी जात नाही तिथे. वावडीपाडा!"

त्यांनी नकाशा मोठा केला. डोंगराच्या कडेला एक एवढंसं वर्तुळ होतं, पूर्ण पिवळं. त्याला फोडच नव्हती, कारण ते एकाच मुलीचं होतं. ती मुलगी मला ठाऊक होती.

"हे सगळं आजपासून आपल्या संकेतस्थळावर खुलं आहे," सर म्हणाले. "आत्ता आपापल्या मोबाईलवर उघडा."

सभागृहभर माना खाली गेल्या. माणसं बोटाने सातपुडा सरकवू लागली.

याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून चार वर्षांपूर्वी बुलढाण्याहून नाशिकला आले होते आणि एका आरोग्य संशोधन संस्थेत नोकरीला लागले होते. केळुसकर सर संस्थेचे प्रमुख. स्वतःचा चांगला चालता दवाखाना बंद करून ते या कामात पडले होते. माझ्या बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा हा माणूस अकोल्याला येऊन माझ्याशेजारी बाकावर साडेचार तास बसून होता. आत काय चाललं असेल ते मला कागदावर चित्रं काढून समजावत होता. त्यानंतर सरांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर मी फक्त कुठली विहीर एवढंच विचारलं असतं.

वावडीपाड्याला मी त्यांच्याबरोबरच पहिल्यांदा गेले. धडगावच्या पुढे जीप सोडायची आणि तासभर चढायचं. तिथे अकरा घरं. आमच्या आधी दोन पथकं रक्त न घेता परत आली होती. आपलं रक्त नेऊन पुढे काय करतील, कुणाला काय सांगतील, याची लोकांना धास्ती. तिथल्या आशा कार्यकर्त्या वंतीबाई वळवी. चाळिशीच्या, काटक, बोलायला तोलूनमापून. सगळे त्यांना वंतीताई म्हणत. भिलोरी त्यांची घरची भाषा, मराठी आमच्याशी बोलण्यापुरती, पण नेमकी.

सर अंगणात जमिनीवरच बसले. म्हणाले, "रक्तात काय निघालं ते ज्याचं त्याला सांगू. पाड्याबाहेर ही गोष्ट जाणार नाही. माझा शब्द आहे."

वंतीताईंनी ते भिलोरीत सांगितलं. कुणी हललं नाही. मग त्या दोन दिवस घरोघर फिरल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी स्वतःचा हात पुढे केला आणि त्यांच्यामागून त्यांच्या भावाच्या मुलीने, जमनाने. जमना बारावी झालेली, एकोणीस वर्षांची, तरतरीत. पाड्यातल्या त्या वयाच्या बाकी मुली लग्न होऊन गेलेल्या, तरण्या सुना नवऱ्यांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या, एवढी एकच राहिलेली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकतीस जणांनी रक्त दिलं.

पुढचं काम माझं. आकडे संगणकावर चढवायचे आणि आर नावाच्या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा करायचा. त्यात दोन ओळी लिहिल्या की नकाशा येतो, आणखी चार लिहिल्या की त्यावर प्रत्येक गावाचा छोटा आलेख बसतो. पण नीट बसवायला जीव जातो. जवळजवळचे पाडे एकमेकांवर चढतात. तीस माणसांचं वर्तुळ दहा माणसांच्या तिप्पट रुंद काढलं तर डोळ्याला नऊपट वाटतं, म्हणून वर्गमूळ काढून आकार ठरवावा लागतो. हे सगळं मला फार आवडायचं. सरांनी एकदा मागे उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "मृदुला, वय आणि स्त्री-पुरुष वेगळं करून बघता येईल का गं?" मी दोन दिवसांत तेही केलं.

आणि करून बघितल्याबरोबर त्यातली गोम दिसली. लहान पाड्यांवर बटण दाबलं की वर्तुळ दोघातिघांचं व्हायचं, कुठे एकाचंच. नाव नसलं तरी पंचक्रोशीत कुणालाही नाव विचारायची गरज पडली नसती.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. त्यांनी बघितलं, चष्मा काढला. "शाब्बास. हे माझ्या लक्षात आलं नसतं." मग म्हणाले, "असं कर, दोन नकाशे कर. एक लोकांसाठी. त्यात लहान पाडे एकत्र करून टाक, वयाचं बटण नको. आणि हा सगळा बारकाईचा फक्त माझ्यासाठी ठेव. औषधं कुठे किती पाठवायची ते मला कळायला हवं."

मी दोन फायली केल्या. मेलवर पाठवताना वर स्पष्ट लिहिलं, की दुसरी फाइल बाहेर जाऊ नये, तीत माणूस ओळखू येतो. सरांचं उत्तर एका शब्दाचं आलं. 'अर्थातच.'

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी सरांभोवती घोळका होता. मी वाट काढून त्यांच्याजवळ गेले.

"सर, चुकून दुसरी फाइल लागली."

"चुकून नाही गं." त्यांनी मला जरा बाजूला घेतलं. चेहरा आनंदाने फुललेला होता. "तुझ्या त्या पहिल्या नकाशात काय दिसतं? पंधरा गोळे. त्यावरून मुंबईतला माणूस जागचा हलत नाही. पाडा दिसला की हलतो. आत्ता दोन अधिकारी मला येऊन भेटले, तुला कल्पना नाही."

"पण वावडीपाड्याला तुम्ही शब्द दिला होता."

"नाव कुठे आहे त्यात? एक नाव दाखव."

"नावाची गरजच नाही, सर. तिथे एकच मुलगी आहे."

त्यांनी हातातला कप टेबलावर ठेवला. मग खांद्यावर थोपटून म्हणाले, "बरं, काढतो संध्याकाळी. तू काळजी करू नकोस."

संध्याकाळी नकाशा होता. दुसऱ्या दिवशीही होता. संकेतस्थळाची किल्ली माझ्याकडे नव्हती. मी रोज विचारायची, सर रोज "आज नक्की" म्हणायचे. माझ्याने आवाज चढवला गेला नाही. अकोल्याचा तो बाक आड यायचा.

नवव्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा उघडताना वंतीताईंचा फोन आला.

"मॅडम, मोबाईलमध्ये आमचा पाडा दिसतो का?"

"कुणी सांगितलं, ताई?"

"पाहुण्यांनी दाखवला. जमनाची सोयरीक ठरली होती ना, आश्रमशाळेतला मास्तर. त्याचा मोठा भाऊ आला होता आज. मोबाईल काढला, बोट लावलं, म्हणे हा पिवळा गोळा तुमच्या पोरीचा. खरं का?"

मी डब्याचं झाकण परत लावलं.

"मॅडम, आवाज येतो ना?"

"येतो, ताई."

"मग बोला."

"पिवळं म्हणजे आजार नाही, ताई. मुलगा तपासून घेतलेला असेल आणि हिरवा असेल तर काहीच—"

"ते मी तुमच्याकडूनच शिकले," वंतीताई म्हणाल्या. "मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, एवढं काही नाही तर सरकारने नकाशात का लावलं?"

मग फोन बंद झाला.

मी संस्थेत ओरडले, आयुष्यात पहिल्यांदाच. तासाभरात नकाशा काढला गेला. पण तोवर आणखी दोन पाड्यांतून बोंब उठली होती आणि एका स्थानिक संघटनेने जिल्हा प्रशासनाकडे तक्रार दिली होती. संस्थेकडे खुलासा मागितला गेला. चार दिवसांनी माझ्या टेबलावर एक पाकीट आलं. 'कारणे दाखवा.' सोबत संस्थेने वर पाठवलेल्या खुलाशाची प्रत. त्यात लिहिलं होतं, की सदर नकाशा कनिष्ठ सांख्यिकी सहायक कुमारी मृदुला सावजी यांनी वरिष्ठांची परवानगी न घेता प्रसिद्ध केला असून संस्था त्यांच्यावर कारवाई करीत आहे. खाली केळुसकर सरांची सही, वळणदार. माझी सहीही तशी यावी म्हणून त्या वळणाची मी चार वर्षं नक्कल करत आले होते.

मी ते पाकीट घेऊन आत गेले. सरांनी मला बसायला सांगितलं, दार स्वतः लावलं.

"मला माहीत होतं तू येशील," ते म्हणाले. "नीट ऐक. तुझं वय लहान आहे. तुझ्या हातून चूक झाली तर लोक म्हणतात, पोर आहे, शिकेल. माझ्या हातून झाली तर ही संस्था बंद पडते. औषधं बंद. तीन हजार रुग्ण. तू हुशार आहेस, हिशेब तुला कळतो."

"पण माझ्या हातून झाली नाही, सर."

"सहा महिने जाऊ देत. मी तुला परत घेतो. याहून वरच्या जागेवर."

"तुम्ही मला विचारलं असतं तर?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून नाही विचारलं."

आणि ते खरं होतं. त्यांनी विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. ते मला माझ्याहून जास्त ओळखत होते, आणि त्या ओळखीचाच त्यांनी उपयोग केला होता.

मी घरी आले, खुलासा लिहिला. ती दोन फायलींची मेल आणि 'अर्थातच' हे उत्तर जोडलं, जिल्ह्याला पाठवून दिलं आणि संस्थेला राजीनामा. दुसऱ्या दिवशी सकाळी धडगावची बस धरली. साक्रीच्या पुढे सरांचा फोन आला. मी उचलला. ते म्हणाले, "मृदुला, मी तुझ्यावर विश्वास टाकला होता." एवढंच. आवाज खरोखर दुखावलेला होता. आजही मी शपथेवर सांगेन, तो माणूस नाटक करत नव्हता.

पुढे चौकशी झाली, संस्थेला समज देण्यात आली आणि सर त्यांच्या खुर्चीवर राहिले. पण बसमध्ये मला हे काही ठाऊक नव्हतं. मी मनातल्या मनात वंतीताईंपुढे बोलायची वाक्यं जुळवत होते. मलाही फसवलं, ताई. माझ्याकडे पुरावा आहे. हे बघा. त्या मेलचा कागद मी पर्समध्ये घडी करून ठेवला होता.

वंतीताई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. बस म्हणाल्या नाहीत.

मी उभ्याउभ्याच सांगायला लागले. कागद काढला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"गोळा कुणी काढला?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे... नकाशा मी केला, पण लावला—"

"गोळा काढला तेव्हा जमना आठवली होती का?"

"हो."

"तरी काढला?"

"काढला," मी म्हणाले. "आणि दुसऱ्याच्या हातात दिला."

त्यांनी हात झटकले, पदर खोचला. "मला नको सांगू. अकरा घरं आहेत. चल."

त्या मला अहो-जाहो करायच्या. त्या दिवशी पहिल्यांदाच अगं-तुगं झालं आणि मला ते बरं वाटलं.

आम्ही घरोघर गेलो, जमना मागोमाग येत होती. कुठे म्हातारी दारात, कुठे मुलं, कुठे पुरुष खाटेवर बसलेला. मी मराठीत सांगायची, ताई भिलोरीत. पहिल्या घरात मी म्हणाले, "तो नकाशा मी केला. पण तो बाहेर जाऊ नये असं मी लिहून दिलं होतं. साहेबांनी ऐकलं नाही." दुसऱ्या घरात थोडं कमी बोलले. चौथ्या की पाचव्या घरात त्यातलं 'पण' गळून गेलं. शेवटी शेवटी मी एवढंच म्हणत होते, "तो नकाशा मी केला. तुमची गोष्ट बाहेर गेली ती त्यामुळे. माझं चुकलं."

ताईंचं भाषांतर मात्र प्रत्येक घरात माझ्या बोलण्यापेक्षा लांब असायचं. लोक माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत ऐकायचे. एका घरातला माणूस जोरात ओरडला. मी दचकले. ताई मान खाली घालून उभ्या राहिल्या, त्याचं संपेपर्यंत. एका बाईने रडत रडत ताईंना छातीवर हाताने ढकललं. मला कुणी काही बोललं नाही. उलट प्रत्येक घरात बोलणं झाल्यावर कुणीतरी आत जायचं आणि माझ्यासाठी तांब्याभर पाणी आणायचं. मी प्यायची. प्रत्येक घोटाबरोबर मन हलकं होत होतं. वाटलं, किती मोठ्या मनाची माणसं. शहरात असतं तर मारलं असतं.

अकरावं घर जमनाचं. तिची आई चुलीपुढून उठली नाही. पाणी तिथेही मिळालं.

उतरताना ताईंनी जमनाला माझ्याबरोबर पाठवलं. वाटेत फाटे फुटतात, मी चुकले असते. आम्ही निम्मी वाट उतरलो. मी विचारलं, "आता काय करणार?"

"नर्सिंगचा अर्ज भरला आहे. नंदुरबारला." थोडं चालून ती म्हणाली, "लग्न मोडलं त्याचं नाही. तो आला असता तर बरं झालं असतं. भावाला पाठवलं. स्वतः नाही आला."

त्यावर बोलायचा हक्क मला राहिला नव्हता.

खाली जीपचा रस्ता दिसायला लागला तेव्हा ती थांबली.

"तुम्हाला आमची भाषा कळत नाही ना?"

"नाही."

"आत्या काय बोलत होती घरात, ते कळलं नाही?"

"मी सांगितलं तेच ना?"

जमनाने मान हलवली. ती शाळेत उत्तर सांगावं तशी, माझ्याकडे न बघता, एकेक वाक्य मराठीत करत बोलली.

"तुम्ही जे बोललात ते ती बोललीच नाही. एकाही घरात नाही. ती म्हणत होती, नकाशा कुणी केला, कुणी लावला, ते आपल्याला काय ठाऊक? शहरातली माणसं आहेत, येतात आणि जातात. रक्त द्या म्हणून तुमच्या दारात मी आले होते. शब्द मी घेऊन आले होते. ज्याला जे बोलायचं ते मला बोला, हात उचलायचा तर माझ्यावर उचला." तिने श्वास घेतला. "आणि शेवटी म्हणायची, ही पोर उन्हातून चालत आली आहे, पाव्हणी आहे. हिला पाणी द्या."

खालून जीपचा भोंगा वाजला. मी वर बघितलं. पाडा झाडांमागे गेला होता, दिसत नव्हता.

"मग मला घरोघर का नेलं त्यांनी?"

"मीही विचारलं," जमना म्हणाली. "ती म्हणाली, जिला सांगायचं होतं तिने सांगितलं पाहिजे. आणि जिच्यावर पाड्याने विश्वास ठेवला होता तिने ऐकून घेतलं पाहिजे. दोन्ही झालं."

मग ती वळली आणि चढ चढू लागली. जीपवाल्याने दुसऱ्यांदा भोंगा वाजवला, तरी मी तिथेच उभी होते.